झोप, पण एक कान जागा!



आज थोडी हेरगिरी करायची आहे. शाळेच्या संगणक-खोलीतला तास संपला, सगळे संगणक रीतसर बंद झाले, पडदे काळे पडले, पंख्यांची घरघर थांबली, की बाईंना विचारून एखाद्या संगणकाच्या मागे डोकवा. हात मात्र कशाला लावायचा नाही हं! तिथे टेलिफोनच्या वायरीसारखी, पण जरा रुंद तोंडाची एक वायर खोचलेली दिसेल. ती नेटवर्कची वायर. ती जिथे खोचलेली असते, तिथे एक बारीकसा दिवा असतो. बऱ्याच संगणकांत हा दिवा संगणक बंद केल्यावरही मिणमिणत राहतो. मध्येच लुकलुकतोसुद्धा!

आता सांगा, संगणक तर झोपला. मग हे जागं कोण आहे?

देवडीवरचा पहारेकरी

जुन्या वाड्याला मोठा दरवाजा असे आणि दरवाजाच्या आत देवडी. देवडीवर पहारेकरी बसे. येणारा-जाणारा माणूस असो की निरोप, त्याच्या नजरेखालूनच पुढे जाई. संगणकातला असा पहारेकरी म्हणजे नेटवर्क कार्ड. बाहेरून येणारं पत्र, चित्र, गाणं, सगळं छोट्या छोट्या पुडक्यांत बांधून येतं. या पुडक्याला 'पॅकेट' म्हणतात. कार्ड ही पॅकेटं घेतं, आपल्यासाठी आहेत का ते बघतं आणि आत पोचवतं. पूर्वी हे खरोखरच वेगळं कार्ड असे. आता ती बहुतेक वेळा मुख्य बोर्डवरच बसवलेली एक चिप असते. नाव मात्र 'कार्ड'च राहिलं आहे.

आणि या पहारेकऱ्याला हुकूम कोण देतो? ड्रायव्हर! नाही, नाही, एसटीचा नव्हे. हा ड्रायव्हर म्हणजे एक प्रोग्राम. प्रत्येक कंपनीचं कार्ड वेगळं, त्याच्या आतले कप्पे वेगळे, त्याला समजणाऱ्या खुणा वेगळ्या. या खुणा ठाऊक असलेला, संगणक आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. या दुभाष्याकडे आणखी एक काम असतं आणि ते फारसं कुणाला माहीत नसतं. कार्डाला वेळेवर झोपवायचं आणि वेळेवर उठवायचं!

आता तुम्ही म्हणाल, "त्यात काय मोठं? बटण बंद केलं की झोपलं!" थांबा. खरी मेख इथेच आहे.

प्रिंटरला जमतं, कार्डाला का नाही?

प्रिंटरचं बघा. तुम्ही छापायला काही दिलं नाही, तर प्रिंटर खुशाल झोपतो. छापायचं झालं की संगणकच त्याला हाक मारतो. पडद्याचंही तसंच. माऊस हलवला की उजळतो. म्हणजे हाक मारणारा घरातलाच असतो.

नेटवर्क कार्डाला हाक मारणारा मात्र बाहेर असतो. पॅकेट कधी येईल ते कार्डाला ठाऊक नसतं, ड्रायव्हरला नसतं आणि संगणकालाही नसतं. मध्यरात्री येईल, नाहीतर पुढच्याच क्षणी येईल. पहारेकरी ढाराढूर झोपला तर दारात आलेला निरोप परत जाईल. आणि तो रात्रभर टक्क जागा राहिला, तर त्याच्या दिव्यात तेल घालता घालता आपल्या नाकी नऊ येतील.

तुम्ही विचाराल की, एवढंसं कार्ड, ते तेल खाऊन खाणार किती? चला, गणित करू. एक वॅट वीज म्हणजे अगदीच किरकोळ. पण ती वर्षभर, रात्रंदिवस खर्च झाली तर? २४ गुणिले ३६५ म्हणजे ८,७६० तास. म्हणजे पावणेनऊ युनिट. एका घराला हे काही जड नाही. पण देशातले संगणक मोजा, त्यात घराघरांतले राउटर मिळवा. आणि मोबाइलची तर गोष्टच वेगळी. तिथे छोट्याशा बॅटरीतला थेंब न् थेंब मोलाचा असतो. पहारेकरी विनाकारण जागा राहिला, तर संध्याकाळी आईला फोन करायच्या वेळी नेमका फोन मान टाकतो!

म्हणून कार्डाला हवी असते श्वाननिद्रा. चांगल्या विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत ही येते, आठवतंय ना? कुत्रं झोपलेलं दिसतं, पण त्याचा एक कान जागा असतो.

झोपेच्या पायऱ्या

१९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून एक नियमावली प्रसिद्ध केली. तिचं नाव 'एसीपीआय'. संगणकातल्या निरनिराळ्या उपकरणांनी कसं झोपायचं याच्या पायऱ्या तिच्यात ठरवून दिल्या आहेत. 'डी-०' म्हणजे पूर्ण जागं. 'डी-३' म्हणजे गाढ झोप, अगदी कुंभकर्णाची. मधल्या 'डी-१' आणि 'डी-२' या पायऱ्या फार थोडी उपकरणं वापरतात.

पण कुंभकर्णाला उठवायला ढोल-नगारे लागले होते. इथे ढोल कोण वाजवणार? म्हणून एक युक्ती केलेली असते. टेबलावरच्या संगणकाला वीज देणारा जो डबा असतो, तो संगणक बंद झाल्यावरही ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा चालू ठेवतो. कार्डाचा मोठा भाग झोपतो, पण या बारीक पुरवठ्यावर त्याचा एक छोटासा कोपरा जागा राहतो. तुम्हाला दिसलेला मिणमिणता दिवा त्या कोपऱ्याचाच!

आधी मुलं झोपतात, मग आई

आता ड्रायव्हर कार्डाला कसं झोपवतो ते बघू. तो एकदम दिवा मालवत नाही. रात्री घरात जशी आवराआवर चालते, तशीच तोही करतो.

पहिलं काम, नवीन पॅकेटं घेणं थांबवायचं. "आता दुकान बंद, उद्या या."

दुसरं, हातात घेतलेली पॅकेटं मार्गी लावायची.

तिसरं काम फार महत्त्वाचं आहे. कार्डाला एक मोठी मुभा असते. आलेलं पॅकेट ते संगणकाच्या स्मरणात, म्हणजे रॅममध्ये, परस्पर नेऊन ठेवतं. मुख्य प्रोसेसरला विचारत बसत नाही. ही मुभा झोपायच्या आधी काढून घ्यावी लागते. नाहीतर सगळं आवरून झाल्यावर कार्ड भलत्याच कप्प्यात काहीतरी लिहून ठेवायचं. सकाळी उठून बघावं तर वहीत कुणीतरी गिरगटा केलेला!

चौथं, टिपण करायचं. गाढ झोपेत कार्ड बरंच काही विसरतं. त्याचा वेग किती होता, कुणाची पॅकेटं घ्यायची ठरली होती, हे सारं ड्रायव्हर लिहून ठेवतो. उठल्यावर तेच परत शिकवतो.

पाचवं, काय ऐकू आलं की उठायचं ते कार्डाला सांगायचं. आणि मगच म्हणायचं, "जा, झोप आता."

झोपेचा क्रमही ठरलेला असतो. कार्ड ज्या रस्त्यावर बसवलेलं असतं, त्या रस्त्याला 'बस' म्हणतात. (हीसुद्धा एसटीची नव्हे!) आधी कार्ड झोपतं, मग बस. उठताना उलटं. आधी बस उठते, मग कार्ड. कारण रस्ताच झोपलेला असेल, तर कार्डापर्यंत पोचणार कसं? गंमत म्हणजे 'लिनक्स' या प्रणालीत अशा उपकरणांना खरोखरच 'पालक' आणि 'मूल' म्हणतात. मुलं आधी झोपतात, आई मागाहून. सकाळी मात्र आई आधी उठते. तुमच्या घरातही असंच आहे ना?

आणि कार्ड गाढ झोपलेलं असताना ड्रायव्हरने त्याला चुकून काही विचारलं तर? संगणकाला फक्त ० आणि १ कळतात. झोपलेल्या कार्डाकडून उत्तरच येत नाही. तेव्हा उत्तराच्या जागी वाचले जातात नुसते १, एका ओळीत ३२! त्यांचा आकडा होतो ४,२९,४९,६७,२९५. बावळट ड्रायव्हरला वाटतं, हे खरंच उत्तर आहे. म्हणजे वायर जोडलेली आहे, वेग भरपूर आहे, पॅकेट आलं आहे, बिघाडही झाला आहे, सगळ्याच प्रश्नांना "हो, हो, हो"! शहाणा ड्रायव्हर हा आकडा दिसला की ओळखतो. "अरे, हा तर झोपेत बरळतोय. याला आधी उठवलं पाहिजे."

जादूचं पुडकं

आता त्या जाग्या कानाची गोष्ट.

मोठ्या कचेऱ्यांत शेकडो संगणक असतात. त्यांची दुरुस्ती, नवीन प्रोग्राम घालणं, ही कामं रात्री केलेली बरी. पण त्यासाठी सगळे संगणक रात्रभर चालू ठेवायचे? समजा, एका संगणकाला ५० वॅट लागतात आणि तो रात्री १४ तास उगीच चालू राहिला. झालं पाऊण युनिटच्या आसपास. असे २० संगणक धरले, तर एका रात्रीत १४ युनिट!

१९९५ मध्ये 'एएमडी' आणि 'ह्युलेट-पॅकार्ड' या कंपन्यांनी यावर तोडगा काढला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'मॅजिक पॅकेट', म्हणजे जादूचं पुडकं. ही जादू काय आहे? प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक पत्ता मिळतो. तो ६ बाइटचा असतो. जादूच्या पुडक्यात आधी २५५ हा आकडा सहा वेळा लिहायचा आणि त्याच्यापुढे ज्या कार्डाला उठवायचं आहे, त्याचा पत्ता सोळा वेळा लिहायचा. बस्स! ६ अधिक १६ गुणिले ६, किती झाले? १०२ बाइट.

तुम्ही म्हणाल, सोळा वेळा कशाला? एकदा हाक मारली तर ऐकू येत नाही का? सांगतो. झोपलेल्या कार्डाचा जागा कोपरा अगदी भोळा असतो. त्याला पॅकेटमधल्या मजकुराचा अर्थ कळत नाही. तेवढी अक्कल जागी ठेवायची, तर वीज जास्त लागेल. म्हणून त्याला एकच साधं काम दिलेलं असतं. सहा वेळा २५५ आले का? मग माझा पत्ता सोळा वेळा आला का? आला, तर धन्याला उठव. आणि कुणाच्या पत्रात किंवा चित्रात योगायोगाने तोच पत्ता एकदा येईलही, पण ओळीने सोळा वेळा? ते घडणं जवळजवळ अशक्यच.

एक लक्षात ठेवा. या भोळ्या पहारेकऱ्याला खूण पटली की पुरे, हाक कुणी मारली ते तो सहसा विचारत नाही. पण संगणक उठला, तरी त्याचा पासवर्ड शाबूत असतो. दार उघडणं वेगळं आणि तिजोरी उघडणं वेगळं!

डुलकी घ्यावी की नाही?

ही झाली रात्रीची झोप. पण दिवसा, काम चालू असताना मधल्या मधल्या वेळात काय? तुम्ही एखादं पान उघडता आणि पाच मिनिटं वाचत बसता. तेवढ्या वेळात वायरीतून काहीच जात नाही, असं वाटतं ना? पूर्वी तसं नव्हतं. एका सेकंदात दहा कोटी बिट पाठवणाऱ्या वायरींवर, बोलायचं काही नसलं तरी दोन्ही टोकं "आहे मी, आहे मी" असे रिकामे इशारे सतत पाठवत राहत. दोघांचा ताल चुकू नये म्हणून. ताल टिकायचा, पण वीज जायची.

२०१० मध्ये 'आयट्रिपलई' या अभियंत्यांच्या संस्थेने नवा नियम मंजूर केला. बोलायचं नसेल तेव्हा दोन्ही टोकांनी डुलकी घ्यायची आणि मधूनमधून डोळे किलकिले करून ताल जुळवायचा. अर्थात, दोन्ही टोकांना ही युक्ती यायला हवी.

पण डुलकीलाही किंमत असते. सेकंदाचे दहा लाख भाग केले की एक मायक्रोसेकंद. ताशी वेग सोडा, या दुनियेत असंच मोजतात! सेकंदाला शंभर कोटी बिटच्या वायरीवर १,५०० बाइटचं पॅकेट पाठवायला लागतात फक्त १२ मायक्रोसेकंद. पण डुलकी लागायला सुमारे १८० आणि उठायला सुमारे १७. म्हणजे १२ च्या कामासाठी जवळजवळ २०० ची झोपमोड! पॅकेटं एकेक करून रेंगाळत आली, तर कार्डाचा सगळा वेळ झोपण्या-उठण्यातच जायचा. म्हणून पॅकेटं साठवून एकदम पाठवली, तर फायदा होतो. आई भाजीसाठी दहादा बाजारात जात नाही, यादी करून एकदाच जाते. तसंच.

मोबाइलचं वाय-फाय तर याहून हुशार. तिथे पहारेकरी राउटरला कळवतो, "मी झोपतोय, माझं टपाल सांभाळ." राउटर ते आपल्याकडे ठेवतो आणि ठरावीक वेळाने, सेकंदाला साधारण दहा वेळा, दवंडी पिटतो. दवंडीत यादी असते, कुणाकुणाचं टपाल आलं आहे त्याची. फोनमधलं कार्ड दवंडीपुरतं उठतं. यादीत आपला नंबर नसला, तर कूस बदलून पुन्हा झोपतं. यात निरोपाला थोडा उशीर होतो. पत्र वाचताना तो जाणवत नाही, पण खेळात जाणवेल. म्हणून काम जोरात चालू असलं की कार्डाला जागं ठेवावं लागतं.

खड्यांचा हिशेब

कार्ड कामात आहे की रिकामं, हे कसं ओळखायचं? लिनक्समध्ये याची एक छान रीत आहे. डिसेंबर २००९ पासून ती त्यात आहे. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्सच असतं, बरं का. समजा, कार्डापाशी एक वाटी ठेवली आहे. ज्याला कार्ड वापरायचं असेल, त्याने वाटीत एक खडा टाकायचा. काम झालं की आपला खडा उचलायचा. वाटी रिकामी झाली, की थोडं थांबून ड्रायव्हर कार्डाला झोपवतो. थांबायचं अशासाठी, की लगेच कुणी परत आलं, तर झोपमोड नको.

किती सोपं! पण ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची झोप उडवतं ते हेच. एका कोपऱ्यात, क्वचित येणाऱ्या अडचणीच्या वाटेवर, खडा उचलायचा राहून गेला तर? वाटी कधीच रिकामी होत नाही. फोनचा पडदा काळा, वरून सगळं शांत, पण आत पहारेकरी टक्क जागा. 'झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही,' म्हणतात ना? हे तसलंच सोंग. बॅटरी संपते आणि चोर सापडत नाही. उलट, एक खडा जास्त उचलला गेला, तर काम चालू असतानाच कार्ड झोपी जातं आणि मग वाचले जातात ते ३२ एक!

म्हणून चांगला ड्रायव्हर लिहिणारा माणूस मनाशी एकच नियम धरून असतो. जितके खडे टाकीन, तितकेच उचलीन. काम सुरळीत झालं तरी आणि बिघडलं तरी.

करून बघा

आईबाबांपैकी कुणाला तरी शेजारी बसवा. विंडोजचा संगणक असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जा, तिथे नेटवर्क कार्ड शोधा आणि त्याचे गुणधर्म उघडा. बऱ्याच संगणकांत तिथे 'पॉवर मॅनेजमेंट' नावाचं पान असतं. त्यावर तीन चौकोन दिसतील. वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्यायचं का? या उपकरणाला संगणक उठवू द्यायचा का? आणि फक्त जादूच्या पुडक्यानेच उठवू द्यायचा का? काही बदलू नका, नुसतं वाचा. आता त्या तिन्ही ओळींचा अर्थ तुम्ही घरातल्या मोठ्यांना सांगू शकता!

पालकांसाठी दोन शब्द. टेबलावरचा संगणक पूर्ण बंद केला असेल, तर भिंतीवरचं बटणही बंद करायला हरकत नाही. फक्त मग पहारेकरीही झोपेल आणि बाहेरून हाक ऐकू येणार नाही. पण संगणक नुसता 'स्लीप'मध्ये असेल, तर भिंतीवरचं बटण दाबू नका. त्याच्या रॅमला वीज लागते. मुलांचं न साठवलेलं काम एका क्षणात पुसलं जाईल.

आणि तुमच्यासाठी हे कोडं. जादूच्या पुडक्यात पत्ता सोळाऐवजी फक्त चार वेळा लिहायचा ठरवला, तर पुडकं किती बाइटचं होईल? आणि तसं केलं तर काय बिघडू शकेल? पहिलं उत्तर आकड्यात आणि दुसरं दोन वाक्यांत लिहा. उत्तर पुढच्या अंकात पडताळून बघू.

तोवर रात्री अभ्यास झाला की संगणक झोपवायला विसरू नका. आणि हो, आधी मुलांनी झोपायचं असतं, लक्षात आहे ना?